परदेशातल्या युद्धात मारल्या गेलेल्या तरुण मराठी सैनिकांची आठवण आज कुणी ठेवली आहे का?

हो, ठेवली आहे. इटलीतही आणि आमच्या रायगडातही. तुम्ही कुणा एकाचं नाव विचारलेलं नाही, म्हणून दुसऱ्या महायुद्धातले यशवंत घाडगे यांच्याबद्दल सांगतो; फौजेत त्यांचा हुद्दा नाईक होता.

माणगाव तालुक्यातलं पळसगाव हे त्यांचं गाव. जन्म १९२१ चा. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते सेक्शन कमांडर, म्हणजे सैनिकांच्या एका छोट्या गटाचे प्रमुख होते. १० जुलै १९४४, म्हणजे इकडे भाताच्या लावणीची धांदल असते ते दिवस. मध्य इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी जर्मन मोर्चावर चालून गेली. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि घाडगे सोडून सेक्शनमधला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. ते एकटेच पुढे धावले. हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गारद केले. आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने झोडपून मारलं. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते कोसळले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, ते त्यांच्या पत्नीने स्वीकारलं.

त्यांची कबर किंवा समाधी कुठेच नाही. इटलीतल्या कासिनो स्मारकावर नाव कोरलेलं आहे; ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही अशा चार हजारांहून जास्त जणांची नावं तिथे आहेत. माणगावला तहसील कचेरीच्या आवारात त्यांचा पुतळा आहे. आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. सगळे एकाच सूर्याखाली, असं त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय. परक्या मुलखातल्या लोकांनी जवळजवळ ऐंशी वर्षांनी एवढं करावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

'इंग्रजांच्या फौजेत होते, त्यांचं काय एवढं?' असं कुणी म्हटलं की मनाला लागतं. राज्य कुणाचं, हे कोकणातल्या त्या पोराच्या हातात नव्हतं. भोवती आपली माणसं पडलेली असताना पुढे जायचं की नाही, एवढंच त्याच्या हातात होतं. शिवाय त्या सेक्शनमधल्या बाकीच्यांचे पुतळे कुठेच नाहीत, तेही कुणाचे तरी मुलगे होतेच ना!

तुमच्या घरातलं कुणी असं गेलं असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर जरूर शोधा. बऱ्याच नोंदींत पलटण, वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही सापडतो. आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग त्या काळी कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं असतं, त्यामुळे दोन-चार प्रकारे टाकून बघा. नाहीच सापडलं तर गावाच्या नावाने शोधा. जिल्ह्याचं नाव मात्र जुनं टाकायचं: रायगडला तेव्हा कुलाबा म्हणत.