बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर बाइकचा वेगविक्रम करायला पहिल्यांदा निघालायस? मग एवढं बघ

जुनी गाडी आहे म्हणून लाजू नकोस. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोने १९६७ मध्ये तिथे वेगाचा विक्रम केला तो १९२० च्या इंडियन मोटरसायकलवर.

ताकद वाढवायच्या मागे आत्ताच लागू नकोस. अमेरिकेतल्या युटा राज्यातलं ते मीठ ओलसर, पकड डांबरापेक्षा बरीच कमी. थ्रॉटल एकदम पिळलास की मागचं चाक नुसतंच फिरतं, गाडी शेपूट हलवते. नवखे इथेच फसतात. हळूहळू उघड.

- मैदान सुमारे १,२८० मीटर उंचावर, हवा विरळ. घरचं जेटिंग (कार्ब्युरेटरमधून किती इंधन जावं ते जुळवणं) तिथे चालणार नाही.
- विक्रम दोन धावांच्या सरासरीवर ठरतो. पहिल्याच धावेत इंजिन जाळू नकोस!
- नियमपुस्तक आधी वाच. तपासणीत लेदर सूटसुद्धा बघतात.
- परतल्यावर गाडी लगेच धू, वायरिंगचे जोडसुद्धा.

फेअरिंगचं (वारा कापणाऱ्या आवरणाचं) नंतर बोलू.