एका शनिवारात किती कामं?

प्रश्न : ताई, मी पुण्यात वनाजला राहते. परवा शनिवारी एकाच दिवसात धाकट्याचं आधार अपडेट, थोरलीची वह्या-पुस्तकं, तुळशीबागेतून स्नेहसंमेलनाचं सामान आणि सासूबाईंचा चष्मा असं सगळं उरकायला निघाले, स्कूटी लक्ष्मी रोडला लावली तर पार्किंगसाठी तारीख सम की विषम बघायचंच राहिलं आणि गाडी उचलून नेली, वर आधारवाले म्हणाले अपॉइंटमेंट नाही. अर्धी कामं तशीच राहिली. नवरा म्हणतो प्लॅनिंग नाही. काय चुकलं?

उत्तर : अगं, चुकलं एवढंच की पेठेत गाडी नेलीस! वनाजहून मेट्रोनं ये, सिव्हिल कोर्टला लाइन बदल आणि मंडईला उतर, तिथून तुळशीबाग दोन पावलांवर आणि वह्या-पुस्तकांचा अप्पा बळवंत चौकही चालत जाण्याजोगा आहे, फक्त दुपारी एक ते चारच्या नादी लागू नकोस, पेठेतली बरीच दुकानं तेव्हा बंद असतात, हे काही तुला सांगायला नको. आधारचं मात्र त्या दिवशी धरूच नकोस. मूल 5 वर्षांचं झालं की बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं स्कॅन द्यावं लागतं, 15 व्या वर्षी परत, म्हणजे पोरगं सोबत हवंच, तेव्हा आधी ऑनलाइन अपॉइंटमेंट घे आणि त्याचं पोट भरून ने, भुकेलं पोरगं मशीनवर बोट ठेवत नाही (अनुभव आहे!). चष्म्याचं काम नवऱ्याकडे दे, प्लॅनिंग चांगलंय ना त्याचं.