रिकाम्या कांडीचा माग

प्रिय मित्रा,

मोहोळच्या रस्त्यावर अपघातात तुझा मावसभाऊ गेला, त्या रात्रीला आता चार महिने झाले. "अपघात दिवसातून एखाद-दोनदा डोळ्यांपुढे येतो, पण त्याचा विचार मात्र दिवसभर सुटत नाही," असं तू सहज लिहून गेलास. सगळी गोम त्या एका वाक्यात आहे. डोळ्यांपुढे येणं वेगळं आणि विचार न सुटणं वेगळं. दोन्हींचं मूळ त्याच रात्रीत असलं तरी स्वभाव निराळे आहेत, उपायही निराळे. तू दोन्हींना एकच समजून झगडतोयस, म्हणून एवढा दमलायस.

डोळ्यांपुढे येते ती आठवण. अंधारात एकदम समोर आलेली उसाची ट्रॉली, ब्रेकचा कर्कश आवाज, पेट्रोलचा वास. ती न बोलावता येते, काही सेकंद राहते, आणि तेवढ्या वेळात ते सगळं आत्ताच घडतंय असं शरीराला वाटतं. छाती धडधडते, हात गार पडतात. विचार मात्र शब्दांत असतो आणि बहुतेक वेळा प्रश्न होऊन येतो. "चहाला थांबलोच नसतो तर?" "गाडी त्याला चालवायला दिली असती तर?" "तोच का, मी का नाही?" हे तास-दोन तास चालतं. थांबतं तेव्हा हाती काही लागलेलं नसतं, मन मात्र आणखी जड झालेलं असतं.

मानसोपचारात याला रवंथ म्हणतात. हा शब्द मला अपुरा वाटतो, कारण गाय रवंथ करते तेव्हा चारा पचतो तरी. तुमच्या घरी माग आहेत, तर असं बघ. धोट्यातली कांडी संपली आणि माग थांबला नाही तर काय होतं? खडखडाट तोच, धोट्याच्या येरझाऱ्या त्याच, वीजही तेवढीच जळते. पण बाणाच, म्हणजे कांडीवरचं आडवं सूतच, नाही म्हटल्यावर कापड विणलं जात नाही. बाहेरून ऐकणाऱ्याला काम जोरात चाललंय असंच वाटतं. तुलाही आतून तसंच वाटतं, की आपण काहीतरी शोधतोय, अजून थोडा विचार केला की उलगडेल.

आघातानंतर मन या फेऱ्यात का सापडतं ते नीट समजून घे, कारण "मी मनानं कच्चा आहे" हा तू काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. जिवावर बेततं तेव्हा मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग, अमिग्डला, जोरात काम करतो. घटनेला वेळ आणि जागेची चौकट देणं हे हिप्पोकॅम्पसचं काम. ते त्या ताणाखाली विस्कटतं. त्यामुळे ती रात्र 'होऊन गेली' अशी नोंदलीच जात नाही. ट्रॅक्टरचा आवाज आला, समोरून दिवा डोळ्यांवर पडला, की ती जशीच्या तशी उठते. शरीर म्हणतं धोका आहे, आजूबाजूला तर काहीच दिसत नाही. मग मन धोक्याचं कारण शोधायला मागे वळतं आणि 'का' सुरू होतो.

पण तो सुरू झाल्यावर टिकतो कशानं? हे थोडं नाजूक आहे. शब्दांतला विचार चित्रापेक्षा सोसायला सोपा असतो. "माझंच चुकलं" असं शंभरदा म्हणताना त्रास होतो, पण रस्त्यावर पडलेला तुझा मावसभाऊ डोळ्यांनी पुन्हा पाहण्याइतका होत नाही. म्हणजे हे चक्र आठवणीपासून लपायची जागा आहे. लपल्यावर जरा बरं वाटतं म्हणून सवय पक्की होते, आणि आठवणीकडे कधीच पुरतं पाहिलं न गेल्यामुळे ती ताजीच राहते. शिवाय 'चूक माझी' म्हटलं की निदान जग आपल्या हातात आहे असं वाटतं. 'माझ्या हातात फारसं नव्हतं' हे वाक्य त्याहून भीतीदायक आहे. अपघातात जिवाभावाचं माणूस गमावलेले लोक मनातल्या मनात ती घटना बदलू बघतात, तेव्हा समोरच्या वाहनाच्या चालकाला बदलत नाहीत. स्वतःचंच वागणं बदलत बसतात.

लहानपणी घरात कुणाचा आवाज कधी चढेल याचा नेम नव्हता, हे तू ओझरतं लिहिलंयस. ते ओझरतं नाही. अशा घरात मूल चेहरे वाचायला आणि आधीच सगळे जर-तर मोजून ठेवायला शिकतं. तेव्हा त्यानं ते निभावून नेतं, मोठेपणी तीच सवय उरावर बसते. १९८९ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. मन खचलं की तुम्ही काय करता, हे मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-हॉक्सेमा यांनी त्याच्या दोन आठवडे आधीच स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना विचारून ठेवलं होतं. ज्यांना मुळातच तेच तेच घोळवत बसायची सवय होती, त्यांना भूकंपानंतर नैराश्याचा त्रास जास्त झाला. आघात तुझ्या हातात नव्हता. सवय मात्र बदलता येते.

आता करायचं काय ते सांगतो. आधी सात दिवस फक्त नोंद ठेव, काही सुधारायला जाऊ नकोस. खिशात मावेल अशी वही घे आणि चक्र सुरू झाल्याचं लक्षात आलं की एक ओळ लिही: वेळ, जागा, त्याच्या आधी काय झालं, किती मिनिटं चाललं, कशानं सुटलं. आठवड्यात दोन-तीन जागा हमखास पुन्हा पुन्हा येतील. बहुतेक एक रात्रीची असेल. मे महिन्यात गच्चीवर अंथरूण टाकून आभाळाकडे बघत पडणं सोलापुरात सगळेच करतात, पण तुझ्यासाठी ती सध्या सगळ्यात धोक्याची वेळ आहे.

दुसऱ्या आठवड्यापासून दोन मिनिटांची कसोटी लाव. विचार सुरू होऊन दोन मिनिटं झाली की स्वतःला तीन गोष्टी विचार: काही सुटलं का? आधी न कळलेलं काही कळलं का? स्वतःवरचा राग थोडा तरी उतरला का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असं आलं, तर कांडी संपलेली आहे, माग बंद करायचा. "विचार करू नको" असं स्वतःला बजावून मात्र तो बंद होणार नाही. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगून पाहिलं. ते अस्वल पुन्हा पुन्हा येतच राहिलं. घरचे प्रेमानं सांगतात, "लई इचार करू नको." त्यांच्यावर चिडू नकोस, पण तो उपाय नाही हेही ओळखून राहा.

चालतं ते प्रश्न बदलणं. 'का'चा प्रश्न हवेत असतो, त्याला बूड नसतं. 'काय' आणि 'कसं' जमिनीवर आणतात. "माझ्याच वाट्याला का आलं?" याऐवजी "आत्ता हे कशानं सुरू झालं, आणि पुढच्या दहा मिनिटांत मी काय करणार?" असं विचार. "मी असा कसा?" याऐवजी "त्या क्षणी मला काय दिसत होतं, किती अंतरावरून दिसत होतं, काय करायला किती वेळ होता?" असं. दुसरा प्रश्न अवघड आहे, कारण तो तुला आठवणीजवळ नेतो. म्हणून तो एकट्यानं रात्री घेऊ नकोस, दिवसा आणि लिहून घे.

त्यासाठी रोज वीस मिनिटांची ठरलेली वेळ ठेव, समज संध्याकाळी साडेसहा ते सात वाजायला दहा. खुर्चीवर बसायचं, अंथरुणावर नाही. घड्याळ लावायचं. दिवसभरात विचार आला की वहीत दोन शब्द टाकायचे आणि "साडेसहाला" म्हणून हातातल्या कामाकडे वळायचं. सुरुवातीला दिवसातून वीस-तीस वेळा असं करावं लागेल, त्यात हार नाही. ठरलेल्या वेळी विचारच आला नाही तर ओढून आणू नकोस. लोक चुकतात ते इथे: वेळ रात्री दहाला ठेवतात, किंवा वीस मिनिटं संपल्यावर "अजून थोडं" म्हणतात.

हातातलं काम कोणतं, यालाही महत्त्व आहे. सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या मारणं चांगलंच, पण इअरफोन घालून एकट्यानं मारलेल्या फेऱ्यांत डोकंही आपल्या फेऱ्या मारत राहतं. मोबाइल सरकवत बसण्याचं तेच. हात आणि डोळे दोन्ही गुंततील असं काम हवं. कांड्या भरणं, तुटलेल्या तारा सांधणं, कॅरम, कुणाशी तरी बोलत चालणं. जमत असेल तर भाकरी थाप. भाकरी थापताना माणूस दुसरीकडे असू शकत नाही.

आठवणीचा उपाय मात्र उलटा आहे, तिला टाळायचं नाही. ती आली की मोठ्यानं फरक सांग: "तेव्हा रात्र होती, आता दुपार आहे. तेव्हा मी हँडल धरून होतो, आता माझ्या हातात चहाचा पेला आहे. तेव्हा मोहोळ रोड, आता सात रस्ता चौक." पाच फरक, जे दिसतं-ऐकू येतं त्यातलेच. हिप्पोकॅम्पसकडून राहून गेलेलं नोंदीचं काम तू असं थोडंथोडं पुरं करत असतोस.

रात्री वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून ऊठ, मंद उजेडात बस, डोळे जड झाले की परत जा. सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच. दारूनं झोप लागते पण पहाटे तीनला मोडते, आणि ती वेळ या चक्राला आयतीच मिळते.

मित्राकडे मन मोकळं करतोस ते चांगलं आहे. पण तीच गोष्ट त्याच शब्दांत रोज रात्री दोघं मिळून उगाळू लागलात तर चक्र एकाचं दोघांचं होतं. त्याला सांग, अर्धा तास ऐक, मग मला बाहेर काढ.

अपराधाच्या प्रश्नासाठी कागदावर मोठं वर्तुळ काढ. अपघाताला हातभार लावणारी प्रत्येक गोष्ट आधी लिहून काढ: ट्रॉलीला मागं दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, रस्त्यावर अंधार होता, ती अर्धी रस्त्यात उभी होती, समोरच्या गाडीचा प्रखर दिवा. प्रत्येकीला वर्तुळात तिचा वाटा दे. स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी. आधी स्वतःचा काढलास तर तू पूर्ण वर्तुळ घेऊन बसशील, दुसऱ्यांना जागाच उरणार नाही. शेवटी जो तुकडा उरेल तो शून्य नसेलही. तेवढ्याचं दुःख खरं आहे, ते धरायला हरकत नाही.

हे सगळं करतानाच डॉक्टरांना भेट, नंतर नको. एक महिन्याहून जास्त काळ दचकणं, वाईट स्वप्नं, तो रस्ता टाळणं आणि आठवणी चालू असतील तर ते तपासून घ्यायचं असतं, आणि तुझे चार झाले. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. आघातावर केंद्रित समुपदेशन करता का, असं स्पष्ट विचार. बहुतेकदा आठ ते बारा बैठका लागतात. घटना एकदाच सगळी सांगून मोकळं व्हायचं असला प्रकार नको, त्यानं उपयोग होत नाही. गोळ्या दिल्या तर परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात, दहाव्या दिवशी सोडू नकोस. नुसत्या झोपेच्या गोळ्या मात्र स्वतःहून मागू नकोस, या त्रासाला त्या सोयीच्या नाहीत. आणि "मीच गेलो असतो तर बरं" हा विचार प्रश्नावरून बेतावर येऊ लागला, तर त्याच क्षणी घरात कुणाला तरी सांग आणि १४४१६ लाव. ही टेलिमानसची मोफत हेल्पलाइन आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलतात.

मावशीकडे गेलेला नाहीस, असं लिहिलंयस. तिला तोंड कसं दाखवू, हा प्रश्नही त्याच मागावरचा आहे. वर्तुळ काढून झालं की एखाद्या दुपारी अर्धा तास जा, एकटा नको, आईला घेऊन. खुलासा करू नकोस, माफीही त्या दिवशी मागू नकोस. तो लहानपणी कसा होता ते तिला विचार, आणि ती सांगेल ते ऐक. ती बोललीच नाही तर नुसता शेजारी बस. तुम्ही दोघांनी शेवटची चार वर्षं काय काय केलं, त्यातलं तिला ठाऊक नसलेलं बरंच तुझ्याकडे आहे. गड्ड्याच्या जत्रेत त्यानं पाळण्यात बसायला कसा नकार दिला होता, इथपासून सुरू कर.

तुझ्या वहीची वाट बघतो.