अटक झाली की 'यांना'चं 'याला' का होतं?

प्रश्न : काका नमस्कार, राजारामपुरीतनं लिहितेय. मुलगा जपानला नागोयात नोकरीला आहे, त्याच्याकडं दीड महिना राहून आले. तिथं टीव्हीवर कुणाला पकडल्याची बातमी आली की नावाच्या मागं 'योगिशा' असं काहीतरी लावतात आणि हातावर धुरकट चौकोन दाखवतात. मुलगा म्हणाला, आई, योगिशा म्हणजे संशयित, आणि चौकोनाखाली बेड्या असतात. मला तिथं बसल्याबसल्या माझे दीर आठवले. ६ वर्षांमागं एका फसवणुकीच्या केसमध्ये त्यांना धरलेलं, दुसऱ्या दिवशी एका पेपरात नाव, गल्ली, फोटो सगळं आलं आणि वर 'याला अटक'. पुढं कोर्टानं निर्दोष सोडलं, त्याची एक ओळ आली नाही. जपानमध्ये खरंच माणसाची अब्रू राखतात का ओ, की नुसता शब्द लावतात?
— एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला 'याला' दोन दिवस डोक्यातनं जाईना. मी बरीच वर्षं क्राइम बीट केलं, जुना राजवाडा, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, रोज संध्याकाळी ठाण्यात चक्कर मारायची आणि अंमलदार सांगेल ते उतरवून घ्यायचं. ज्या माणसाला गेल्या आठवड्यात उद्घाटनाच्या बातमीत 'यांनी' लिहिलं त्यालाच अटक झाली की 'याने', हे मला कुणी शिकवलं नव्हतं, हातच तसा चालायचा. कोर्टात पहिली तारीख पडायच्या आधीच आम्ही त्याचा मान काढून घेतलेला असायचा.

जपानमध्ये अगदी हेच चालायचं. तिथं नावाला 'सान' लावल्याशिवाय परक्या माणसाला कुणी हाक मारत नाही, तुम्ही ऐकलंच असेल. पण अटक झाली की पेपरवाले ते काढून टाकायचे आणि नुसतं नाव छापायचे, याला त्यांच्यात 'योबिसुते' म्हणतात, आपलं अरे-तुरेच समजा. एनएचके या टीव्ही-रेडिओ संस्थेनं आणि सांकेई या पेपरनं १९८४ मध्ये हे थांबवलं, माइनिची या पेपरनं १९८९ च्या नोव्हेंबरात आणि पाठोपाठ बाकीच्या मोठ्या पेपरांनी. तो काळही तसाच होता, १९८३ ते १९८९ या वर्षांत फाशीची शिक्षा झालेली ४ माणसं फेरसुनावणीत निर्दोष सुटली, म्हणजे इतकी वर्षं ज्यांना खुनी म्हणून छापलं ते खुनी नव्हतेच.

नुसत्या नावाऐवजी मागं लावायला शब्द कसा निवडला तेही बघण्यासारखं आहे. कायद्यातला शब्द 'हिगिशा', पण पीडित व्यक्तीला म्हणतात 'हिगाइशा', कानाला दोन्ही सारखेच, म्हणून बातम्यांत 'योगिशा' घेतला. खटला दाखल झाला की त्याच माणसाच्या मागं 'हिकोकू' लागतं आणि शिक्षा भोगायला लागला की 'ज्युकेइशा'. म्हणजे माणूस कुठल्या पायरीवर आहे ते नावावरनंच कळतं. आपल्याकडं संशयित, आरोपी आणि गुन्हेगार हे तिन्ही शब्द एकाच बातमीत एकाच माणसाला लावलेले मी स्वतः छापून आणलेत.

पण तुमचा खरा प्रश्न अब्रूचा आहे आणि तिथं मला जपानचंही कौतुक करवत नाही. नाव अटकेच्याच दिवशी येतं, वय, धंदा आणि साधारण पत्त्यासकट. खटला भरायच्या आधी एका आरोपाखाली २३ दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येतं, चौकशीच्या खोलीत वकील बसत नाही, आणि बातमीदार पोलिस मुख्यालयातल्या प्रेस क्लबात बसून पोलिसांकडनंच बातमी घेतात. त्यात खटला उभा राहिला की ९९ टक्क्यांहून जास्त जणांना शिक्षा होते, मग 'योगिशा' ऐकलं की बघणाऱ्याच्या डोक्यात निकाल लागलेलाच असतो. शब्द सभ्य झाला, वेळ तीच राहिली.

मात्सुमोतोची गोष्ट सांगतो, ती मी विसरू शकत नाही. २७ जून १९९४ च्या रात्री जपानमधल्या त्या शहरात सरीन हा विषारी वायू सोडला गेला. ज्या गृहस्थानं पहिल्यांदा मदतीसाठी फोन केला त्याची स्वतःची बायको बेशुद्ध पडली होती, आणि दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी त्याच्याच घराची झडती घेतली. घरात काही रसायनं सापडली, झालं, पेपरांनी महिनोन्महिने त्याच्याकडं बोट दाखवलं. त्याला अटक कधीच झाली नाही, 'योगिशा' शब्द लागलाच नाही, तरी व्हायचं ते झालं. मार्च १९९५ मध्ये टोकियोच्या मेट्रोत सरीन सोडलं गेलं आणि ओम शिनरिक्यो पंथाचं नाव पुढं आलं तेव्हा पेपरांनी माफी मागितली. त्याची बायको कधी बरी झालीच नाही, २००८ मध्ये गेली. त्याचं नाव सगळीकडं सापडतं, मी मुद्दाम देत नाही.

आणि शब्द सगळ्यांना सारखा लागतो असंही नाही. २००१ आणि २०१८ मध्ये गाजलेल्या बँडमधल्या गायकांवर केस झाली तेव्हा बातम्यांत 'योगिशा' ऐवजी 'मेंबर' म्हटलं. २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरोत ८७ वर्षांच्या माजी बड्या अधिकाऱ्याच्या गाडीखाली एक आई आणि तिची ३ वर्षांची मुलगी गेली. तो दवाखान्यात होता, अटक नव्हती, म्हणून बातम्यांत त्याचं जुनं पद लावत राहिले. लोक इतके चिडले की 'वरच्या वर्गातला नागरिक' हा शब्द तिकडं शिवीसारखा झाला. पुढं त्याला ५ वर्षांची शिक्षा झाली.

बेड्यांवरचा चौकोन मात्र मला पटतो. गंमत नाही ताई, नीट बघा, आपल्याकडं ओळख परेडसाठी तोंडावर काळा बुरखा घालतात आणि तोच माणूस चौकातनं चालवत नेतात, तिकडं बेड्या झाकतात आणि गाडीच्या काचेतनं तोंड दाखवतात. दोन्हीकडं अर्धीच लाज राखलेली. मुलांच्या बाबतीत त्यांचा कायदा नाव छापू देत नाही, पण एप्रिल २०२२ पासून १८-१९ वर्षांच्या मुलांवर कोर्टात खटला दाखल झाला की नाव देता येतं.

आपण उचलावी अशी गोष्ट फुकुओकाच्या निशिनिप्पोन या पेपरची आहे. १९९२ मध्ये त्यांनी पकडलेल्या माणसाचं म्हणणंही वकिलामार्फत घेऊन छापायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत मी पकडलेल्याच्या घरी किंवा वकिलाला एकदाही फोन लावला नाही, पोलिसांना मात्र दिवसातनं चारदा. सत्तेतला माणूस असेल तर नाव पहिल्या दिवशी यावं हे मी आजही म्हणेन, पण गल्लीतल्या साध्या माणसाचं नाव खटला उभा राहीपर्यंत थांबलं तर वाचकाचं काहीच अडत नाही.

आता तुमच्या दिरांचं. निकालाची सर्टिफाइड कॉपी काढा, जुन्या बातमीचं कात्रण जोडा आणि त्या पेपरच्या संपादकाला लेखी अर्ज द्या, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचीचा शिक्का घ्या. बातमी त्याच पानावर मागा, ऑनलाइन असेल तर तिथंही निकाल जोडायला सांगा. एकटं जायला नको वाटत असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा, मी बरोबर येतो. आणि मथळ्यात 'यांची निर्दोष मुक्तता' असंच लिहायला सांगायचं, 'याची' नाही.