स्टर्लिंग एका दिवसात: काय पाहावं, काय सोडावं

प्रश्न: जूनमध्ये आम्ही दोघं मुलाकडे एडिनबराला जातोय. ह्यांना किल्ल्यांचं वेड, राजगड-तोरणा पालथे घातलेले. माझे मात्र गुडघे दुखतात. स्टर्लिंगचा किल्ला, वॉलेस स्मारक आणि बॅनकबर्नची रणभूमी एका दिवसात होईल का? – एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, होईल, पण नुसती धावपळ होईल. मी एडिनबरात राहते आणि पाहुण्यांना स्टर्लिंगला नेते ते फक्त किल्ल्यासाठी. एडिनबराच्या वेव्हर्ली स्टेशनहून आगगाडीने साधारण पाऊण-एक तास. स्टर्लिंग स्टेशनपासून किल्ल्यापर्यंत चांगलाच चढ आहे. तुम्ही सरळ टॅक्सी करा, ह्यांना हवं तर चालू दे. आतही फरसबंदी उंचसखल आहे, तेव्हा बूट चांगले घाला. आणि जून म्हणून स्वेटर घरी ठेवू नका, वर वारा झोंबतो.

ह्यांना आधी तटावर न्या. खाली वळणं घेत जाणारी फोर्थ नदी दिसेल. पूर्वी उत्तरेकडे जायचं तर ती इथेच ओलांडायची, म्हणून किल्ल्यासाठी इतकी झुंज. 1297 साली वॉलेस आणि अँड्र्यू मरे या स्कॉटिश सेनानींनी अर्धं इंग्रज सैन्य पुलावरून उत्तरेच्या काठावर येऊ दिलं आणि मग झडप घातली. तो पूल लाकडी होता. आजचा जुना दगडी पूल नंतरचा. किल्लेवेड्या माणसाला हे वेगळं समजावायला नको!

तुम्ही मात्र राजवाड्यात रमाल. स्कॉटलंडचा राजा पाचव्या जेम्सने तो बांधला. छतावर ओकच्या लाकडात कोरलेले गोल मुखवटे होते; 1777 मध्ये एक कोसळला म्हणून सगळे उतरवले. आता छतावर रंगवलेल्या प्रतिकृती आहेत, मूळ मुखवटे वरच्या दालनात. मला ते बिनरंगाचेच आवडतात. पिवळ्याधमक ग्रेट हॉलमध्ये 1594 साली राजपुत्र हेन्रीच्या बारशाच्या मेजवानीला माशांची ताटं तोफा लावलेल्या जहाजातून आली होती. पाचव्या जेम्सच्या नऊ महिन्यांच्या मुलीला, मेरीला, राणीचा मुकुटही याच किल्ल्यात घातला, 1543 मध्ये.

उतरताना होली रूड चर्च पाहा. मेरीचा मुलगा सहावा जेम्स तिथे 1567 मध्ये राजा झाला, वय जेमतेम वर्षाचं.

बॅनकबर्न सोडा. वॉलेस स्मारकाला 246 पायऱ्या आहेत, त्याही गोल जिन्याच्या. ह्यांनी हट्ट धरलाच तर त्यांना एकट्याला पाठवा आणि तुम्ही गावात चहा प्या.