पुण्याहून बंगळुरूला घरसामान हलवायचंय. भरवशाचे पॅकर्स-मूव्हर्स कसे ओळखावेत?

फोनवर सर्वांत कमी भाव सांगणारा आधी बाजूला काढा. अशांचा डाव ठरलेला असतो: सामान ट्रकमध्ये चढलं की ‘माल जास्त निघाला’ म्हणत रक्कम वाढवायची आणि पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवायची. सगळा संसार त्यांच्या ताब्यात असताना माणूस भांडणार तरी कसा?

म्हणून घरी येऊन सामान बघणाऱ्यालाच काम द्या, माळ्यावरचे खोकेसुद्धा दाखवा. कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून बघा. नाव वेगळं निघालं किंवा नोंदणी रद्द दिसली तर तिथेच थांबा. नामांकित कंपन्यांशी मिळतीजुळती नावं लावणारे पुष्कळ आहेत. विम्याचे पैसे घेत असतील तर विमा कंपनीची पॉलिसी मागा, नुसती पावती चालणार नाही.

गाडी सुटण्याआधी बिल्टी, म्हणजे माल नेत असल्याची वाहतूकदाराची पावती, हातात हवी, ट्रकचा नंबर आणि सामानाच्या यादीसह. यादीत धडधाकट टीव्हीपुढे ‘स्क्रॅच’ लिहिलेलं असेल तर सही करू नका, नंतर भरपाई नाकारायला तेच पुढे करतात. बरीचशी रक्कम सामान उतरल्यावरच द्या. तरीही अडवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आणि पोलीस, दोन्हीकडे तक्रार करा.