पिल्लू पंधरा हजारांचं घ्यावं की चाळीस हजारांचं?

नमस्कार ताई,

तुम्ही नाशिकहून लिहिलंय, ते वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ७८,००० रुपये, घराच्या हप्त्यासकट महिन्याचा खर्च ५८,००० आणि अडीअडचणीसाठी ठेवलेले १,१०,०००. सातवीतल्या मुलीला वाढदिवसाला लॅब्रॅडॉर हवाय. पुण्याजवळचे एक ब्रीडर ४०,००० सांगतात, वर दोन महिने थांबायला लावतात. ऑनलाइन जाहिरातीतला विक्रेता १५,००० रुपयांत चाळीस दिवसांचं पिल्लू घरपोच द्यायला तयार आहे, पाच हजार आगाऊ मागतोय. २५,००० जास्त मोजावेत का, आणि मोजायचे तर क्रेडिट कार्डावर हप्ते पाडून घ्यावेत का, असा तुमचा प्रश्न आहे.

पंधरा हजारांचं पिल्लू घेऊ नका. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दलच्या केंद्राच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. चाळीस दिवस म्हणजे सहा आठवडेसुद्धा नाहीत. या वयात त्याचं पहिलं लसीकरणही बहुधा झालेलं नसतं, आणि अशा पिल्लाला पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची लागण झाली तर लक्षणं काही दिवसांनी, म्हणजे पैसे देऊन झाल्यावर तुमच्या घरात दिसतात. मग उलट्या, रक्ताचे जुलाब, दवाखान्यात सलाईन. त्यातून पिल्लू वाचेलच असं नाही. तुम्ही वाचवलेले पंचवीस हजार तिथे आठवड्याभरात संपू शकतात, आणि मुलीला काय सांगायचं हा प्रश्न उरतोच.

आता मोठा हिशेब. लॅब्रॅडॉर साधारण दहा-बारा वर्षं जगतो. खाण्याचे महिन्याला ४,००० धरा. लसी, जंताचं औषध, गोचिडांचं औषध, तपासण्या मिळून वर्षाला १२,०००. म्हणजे वर्षाचे ६०,००० आणि अकरा वर्षांचे ६,६०,०००, तेही महागाई न धरता. गावाला जाताना त्याला ठेवायचा खर्च आणि मोठं आजारपण यात नाही. यापुढे २५,००० चा फरक चार टक्केही भरत नाही. या जातीत खुब्याच्या सांध्याचा दोष आनुवंशिक असतो आणि त्याची शस्त्रक्रिया हा संपूर्ण फरक एका फटक्यात गिळते. विमा घ्यायचा विचार असेल तर आनुवंशिक आजार वगळलेत का, ते आधी वाचा. म्हणून आई-बाप तपासलेलं पिल्लू घेण्यासाठी जास्त पैसे देणं मला पटतं.

पण चाळीस हजार मागणारा माणूस तेवढ्यावरून जबाबदार ठरत नाही. जाऊन बघा. पिल्लांची आई समोर दिसली पाहिजे, तिच्या राहायच्या जागेत. तिला बाहेर आणून दाखवतो म्हणाले तरी आत जायचा आग्रह धरा. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडची ब्रीडर म्हणून नोंदणी मागा. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद म्हणजे वंशावळ, त्यावरून तब्येत कळत नाही. पुष्कळ लोक इथेच फसतात. आई-बापांच्या खुब्यांचे एक्स-रे विचारा. कुत्रा दोन वर्षांचा झाल्यावर काढलेला एक्स-रे जास्त भरवशाचा. नियमांनी कुत्रीला अठरा महिन्यांच्या आधी वेतासाठी वापरायला बंदी आहे, त्यामुळे आईचं वय आणि हे तिचं कितवं वेत, हेही विचारा. आणि ते तुम्हाला काय विचारतात याकडे लक्ष द्या. दुपारी घरी कोण असतं, फ्लॅट कितव्या मजल्यावर, सुट्टीत कुत्रा कुठे राहील, असे प्रश्न आले तर मला बरं वाटेल. त्यांनी तुम्हाला दोन महिने थांबायला लावलंय, हीसुद्धा चांगली खूण आहे.

आता तुम्हाला कदाचित आवडणार नाही ते. या वेतातलं पिल्लू घेऊ नका. तुमची शिल्लक दोन महिन्यांच्या खर्चालाही पुरत नाही. एकाची नोकरी थांबली तर घराचा हप्ता आणि कुत्र्याचं औषध एकाच पैशावर येतील. किमान तीन महिन्यांचे, म्हणजे १,७४,००० हवेत, त्यात ६४,००० कमी आहेत. दर महिन्याला तुमचे २०,००० उरतात. सहा महिन्यांत १,२०,००० होतील. त्यातले ६४,००० शिल्लक भरून काढायला, ४०,००० पिल्लाला, उरलेले १६,००० पहिल्या वर्षाच्या लसी, पिंजरा, पट्टा, भांडी यांना. कार्डाची गरजच पडत नाही, आणि पडली तरी त्या व्याजाने कुत्रा घेऊ नये असंच मी सांगेन.

पिल्लू घरी आल्यावर महिन्याला उरणाऱ्या त्या वीस हजारांतले पाच हजार त्याचे. बाकीच्या पंधरा हजारांवर भागतंय का, ते या सहा महिन्यांत दोन-तीन महिने पाच हजार खरंच वेगळ्या खात्यात टाकून बघा. जमलं नाही, तर पिल्लू घरात नसतानाच कळेल.

जातीचा हट्ट नसेल तर गावठी पिल्लू दत्तक घेतल्यास खरेदीचे चाळीस हजार वाचतात. मुलीशी एकदा बोलून बघा. लॅब्रॅडॉरच हवा असेल तर ब्रीडरना आत्ताच फोन करून पुढच्या वेताच्या यादीत नाव घालायला सांगा. ठरलं की पावती घ्या. तिच्यावर मायक्रोचिपचा, म्हणजे पिल्लाच्या कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा क्रमांक, जन्मतारीख, दिलेल्या लसी, आणि तीन दिवसांत तुमच्या पशुवैद्याला आजार सापडला तर पैसे परत मिळतील अशी अट, हे सगळं लिहून सहीनिशी हवं. तोंडी कबूल करून लिहून द्यायला नकार देत असतील, तर दुसरे ब्रीडर शोधा.